जपानी मेपल आणि सह्याद्रीची तांबडी पालवी

कोल्हापुरांतील पुष्कळ हौशी कुटुंबांच्या मनांत एका परदेशी झाडाविषयीं फार दिवसांची अभिलाषा असते. तें झाड म्हणजे जपानी मेपल. जपानांतील देवळांच्या आवारांत, दगडी दिव्यांच्या शेजारीं, पाण्यावर ओणवें झालेलें आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल झालेलें हें झाड चित्रांतून व चित्रपटांतून इतकें परिचित झालें आहे कीं, तसलें एखादें आपल्याही परसांत असावें असें कोणालाही वाटावें. मग कोठून तरी रोप मिळवितात. तें कुंडींत बसतें, पावसाळाभर बरें दिसतें, आणि पुढच्या चैत्र-वैशाखांत पानांच्या कडेकडेनें करपूं लागतें. एकदोन वर्षांत कुंडी रिकामी होते. पाणी कमी पडलें कीं जास्त झालें याचा घरांत वाद होतो, आणि बहुधा सगळा दोष माळ्याच्या माथीं जातो. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. त्या झाडाला जो ऋतु हवा असतो तो कोल्हापुरांत येतच नाहीं. आणि कोल्हापुरांत जे ऋतु येतात त्यांतच ज्यांना लाल होणें आवडतें, अशीं तितकींच देखणीं झाडें जवळच्या डोंगरांत उभीं आहेत. या दोन गोष्टी नीट समजल्या म्हणजे पैसाही वाचतो आणि बागेला हवा तो रंगही मिळतो.

प्रथम मेपलची ओळख करून घेणें योग्य होईल. वनस्पतिशास्त्रांत या झाडाला एसर पाल्माटम असें म्हणतात. पाल्माटम म्हणजे तळहातासारखें. त्याच्या पानाला पांच किंवा सात, क्वचित् नऊ बोटें असतात आणि त्यांचीं टोकें निमुळतीं होत गेलेलीं असतात. कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वैद्यानें १७७५ आणि १७७६ या वर्षीं जपानांत राहून तेथील वनस्पति गोळा केल्या व पुढें १७८४ सालीं या झाडाला हें शास्त्रीय नांव दिलें. जपानी लोक मात्र त्याच्या कित्येक शतकें आधींपासून या झाडाचे भक्त होते. त्यांच्या भाषेंत त्याला मोमिजी किंवा कायेदे म्हणतात. कायेदे या शब्दाचें मूळ ‘बेडकाचा हात’ असें सांगतात, आणि पान हातांत घेऊन पाहिलें म्हणजे ती उपमा पटते. शरद ऋतूंत डोंगरांत जाऊन लाल झालेलीं पानें पाहणें हा तेथें एक सणच आहे. माणसाच्या हातून निवडले गेलेले या झाडाचे प्रकार आज हजारावर आहेत. कांहींचीं पानें जाळीसारखीं चिरलेलीं, कांहींचीं वर्षभर जांभळट, तर कांहींच्या सालीच पोवळ्यासारख्या लाल असतात. झाड मूळचें लहान, वीस-तीस फुटांचें; रानांत तें मोठ्या वृक्षांच्या विरळ सावलींत वाढतें. काश्मिरांतील चिनाराचें पान दिसावयास पुष्कळसें असेंच असल्यामुळें त्याला मेपल समजण्याची चूक अनेक प्रवासी करतात. परंतु चिनाराचें कूळ निराळें आहे.

कोल्हापूरचा उन्हाळा मेपलला सोसत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मेपलांसाठीं नांवाजलेल्या क्योतो शहरांत ऑगस्ट महिन्याचें सरासरी उष्णमान २८ अंश सेल्सियसच्या आसपास असतें, आणि कित्येक दुपारीं पारा ३५ च्याही वर चढतो. तेव्हां उष्णता या झाडाला अनोळखी नाहीं. खरा फरक पडतो तो हिंवाळ्यांत. क्योतोमध्यें जानेवारीची सरासरी चारपांच अंशांवर येते व रात्रीं पारा गोठणबिंदूच्या जवळ जातो. कोल्हापूर विषुववृत्तापासून अवघ्या सतरा अंशांच्या आंत, समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर वसलेलें आहे. तेथें अगदीं थंडीच्या दिवसांतही पहांटेचा पारा साधारणपणें चौदा-पंधरा अंशांच्या आसपास राहतो आणि दुपारीं तो तिशीजवळ येऊन पोंचतो. ज्या गारव्यांत कोल्हापूरकर रंकाळ्यावर शाल पांघरून फिरावयास निघतो, तो गारवा मेपलच्या हिशेबीं वसंतांतील सकाळ आहे.

हिंवाळ्याचें एवढें महत्त्व कां, हें समजण्यासाठीं या झाडाचा वर्षक्रम पाहिला पाहिजे. थंड देशांतील झाडें दिवस लहान होऊं लागले म्हणजे पुढचें संकट ओळखतात. क्योतोमध्यें डिसेंबरांतील दिवस दहा तासांहूनही थोडा लहान असतो. कोल्हापुरांत तो अकरा तासांच्या खालीं उतरत नाहीं. दिवस आंखूड झाल्याची खूण मिळतांच मेपल वाढ थांबवितें, पुढल्या वर्षाच्या पानांचे डोळे घट्ट खवल्यांत बंद करून ठेवितें आणि निद्रा घेतें. ही निद्रा नुसत्या उबेनें मोडत नाहीं. तशी मोडली असती तर हिंवाळ्याच्या मध्यावर चार उबदार दिवस लागतांच डोळे फुटले असते आणि पुढच्या हिमानें सगळीं पानें मारलीं असतीं. म्हणून निसर्गानें एक कुलूप ठेविलें आहे: शून्य ते सात अंशांच्या दरम्यानची थंडी कित्येक आठवडे अंगावरून गेल्याखेरीज डोळा फुटावयाचा नाहीं. सफरचंदाच्या जुन्या जातींना हेंच कुलूप असतें, आणि म्हणूनच काश्मीर व हिमाचल येथें लगडणारें तें झाड दख्खनच्या पठारावर सहसा फळत नाहीं.

कोल्हापुरांत मेपलच्या या कुलपाला किल्लीच मिळत नाहीं. झाड धड झोपत नाहीं आणि धड जागेंही होत नाहीं. कांहीं डोळे फुटतात, कांहीं तसेच वाळतात. पालवी एकदम न येतां तुरळक येते. पानांतून सांठविलेलें अन्न परत खोडांत ओढून घेण्याचें काम अपुरें राहतें, आणि प्रत्येक वर्षीं झाड आधीच्या वर्षापेक्षां दुबळ्या स्थितींत उन्हाळ्याला तोंड देतें. मग एप्रिलचा कोरडा वारा सुटतो. मेपलचीं मुळें उथळ व तंतुमय असतात. सिमेंटच्या गच्चीवरील कुंडीची माती दुपारीं तापली कीं तीं मुळें भाजून निघतात. पातळ पानांतून पाणी जितक्या वेगानें उडतें तितक्या वेगानें मुळांना तें पुरवितां येत नाहीं, म्हणून कडा करपतात. त्यांत आणखी कूपनलिकेचें जड, क्षारयुक्त पाणी. या झाडाला किंचित् आंबट प्रकृतीची, मोकळी माती लागते. पंचगंगेच्या कांठची काळी जमीन ऊंसाला सोन्यासारखी असली तरी मेपलच्या मुळांना ती चिकट व क्षारट वाटते. माती बदलतां येईल, पावसाचें सांठविलेलें पाणी घालतां येईल, सावलीही करतां येईल; परंतु दोनतीन महिन्यांची कडक थंडी कोणत्याही मळ्यांत विकत मिळत नाहीं. पन्हाळा तीन हजार फुटांहून अधिक उंच आहे, तरी तेथेंही ती नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत एखाद्या पहांटे दंव गोठतें व त्याची वार्ता वर्तमानपत्रांत येते. पण एका रात्रीचें हिम म्हणजे हिंवाळा नव्हे.

बियांच्या पुड्यांविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत. मेपलचें बी ओलसर वाळूंत घालून तीनचार महिने पांच अंशांखालील थंडींत ठेविल्याशिवाय सहसा उगवत नाहीं. आणि उगवलें तरी चित्रांतील निवडक प्रकार बियांपासून जसाच्या तसा येत नाहीं, तो कलमानेंच वाढवावा लागतो. ‘निळ्या मेपलच्या बिया’ म्हणून ज्या जाहिराती आढळतात त्या निव्वळ फसवणुकीच्या आहेत. निळ्या पानांचें मेपल पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नाहीं; तीं छायाचित्रें रंगविलेलीं असतात.

यावरून परदेशीं झाडें लावूंच नयेत असा अर्थ कोणीं काढूं नये. वैशाखांत कोल्हापूरच्या रस्त्यांवर पेटल्यासारखा दिसणारा गुलमोहर मादागास्करहून आला आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या कारकीर्दींत पन्हाळ्याच्या परिसरांत चहाच्या लागवडीचा प्रयोग केला होता, तोही परक्याच झाडाचा. गुलमोहराला कोरडा उन्हाळा व त्यानंतरचा पाऊस हवा असतो, आणि तो त्याला येथें मिळतो. चहाला ओलसर डोंगरउतार हवा असतो, पण गोठविणारी थंडी लागत नाहीं. झाड कोणत्या देशाचें आहे हा प्रश्न गौण आहे. त्याला कोणता ऋतु लागतो, हा प्रश्न पहिला आहे.

आतां रंगाकडे वळूं. मेपलचें पान लाल होतें म्हणजे काय होतें? पानांतील हिरवें द्रव्य म्हणजे हरितद्रव्य. शरद ऋतूंत झाड तें मोडून त्यांतील मौल्यवान अंश खोडांत परत नेऊं लागतें. याच वेळीं दिवसा स्वच्छ ऊन व रात्रीं गारठा असेल, तर पानांत सांचलेल्या साखरेपासून एक तांबडें द्रव्य नव्यानें तयार होतें. त्याला अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ, कोकम आणि लाल जास्वंद यांच्या रंगाचें कारण याच वर्गांतील द्रव्यें होत. हिरवा पडदा ओसरला व मागें तांबडा उभा राहिला, अशी ती क्रिया आहे. जपानांतील लाल रंग हा पानाच्या निरोपाचा रंग आहे.

हेंच द्रव्य उष्ण देशांतील झाडें निराळ्या वेळीं उपयोगांत आणतात. तेथें संकट हिमाचें नसतें, उन्हाचें असतें. नवें पान जन्मतें तेव्हां त्याचें हरितद्रव्य अजून तयार व्हावयाचें असतें. फाल्गुनांतील प्रखर प्रकाश त्या कोवळ्या पेशींना सहन होत नाहीं. अशा वेळीं अँथोसायनिनचा तांबडा पडदा पानाच्या अंगावर येतो आणि आंतलें यंत्र पुरें उभें राहीपर्यंत तें झांकून ठेवितो, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. कोवळें पान कुरतडणाऱ्या किड्यांनाही हा रंग फारसा मोहवीत नसावा, असा दुसरा एक तर्क आहे. पान जून झालें, आंत हिरवें द्रव्य भरलें, कीं तांबडा पडदा विरतो. आंब्याची तांबूस पालवी, पिंपळाचीं तांब्याच्या पत्र्यासारखीं लकाकणारीं पानें, पाडव्याला गुढीस बांधलेल्या कडुनिंबाच्या डहाळीचा तांबूस शेंडा, हीं सर्व याच क्रियेचीं उदाहरणें आहेत. मराठींत ‘चैत्रपालवी’ हा शब्द आहे तो उगीच नाहीं. या मुलखांतील लाल रंग हा पानाच्या बारशाचा रंग आहे.

मेपलची हौस असलेल्या माणसानें नेमकी हीच गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्याला लाल पानांचें झाड हवें असेल, तर तें शरदांत लाल होणाऱ्या झाडांत न शोधतां वसंतांत लाल होणाऱ्या झाडांत शोधावें. आणि असा शोध घेतांना एक मौजेचा योग जुळून येतो. पूर्वीं मेपलचें एक स्वतंत्र कूळ मानीत असत. १९९८ सालापासून वनस्पतींच्या जनुकांवर आधारलेलें जें नवें वर्गीकरण रूढ झालें, त्यांत मेपलांना रिठ्याच्या कुळांत घातलें आहे. डोकें धुण्याचा रिठा, बिहारची लिची आणि जपानचें मेपल हीं आतां एकाच घराण्यांतलीं ठरलीं. या घराण्यांतील एक वृक्ष सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत आढळतो, आणि लाल पालवीच्या बाबतींत तो आपल्या जपानी भाऊबंदास मुळींच हार जात नाहीं. तो वृक्ष म्हणजे कोशिंब.

कोशिंबाला हिंदी मुलखांत कुसुम म्हणतात. माघ-फाल्गुनांत, जंगलांतील इतर झाडें अजून उघडीं-बोडकीं असतांना, कोशिंबाची पालवी फुटते. ती गुलाबी म्हणावी तर गुलाबी नव्हे, शेंदरी म्हणावी तर शेंदरी नव्हे. गडद किरमिजीपासून तांबूस सोनेरीपर्यंत सर्व छटा एकाच झाडावर एकाच वेळीं दिसतात. घाटांतून खालीं पाहणाऱ्यास लांबून एखादें फुलांनीं भरलेलें झाड आहे असें वाटतें. जवळ गेल्यावर कळतें कीं तीं सगळीं पानेंच आहेत. खरीं फुलें हिरवट-पिवळीं, बारीक असतात व सहज नजरेंत भरत नाहींत. दोनतीन आठवड्यांत पालवी पोपटी होते आणि मग तिची गर्द सावली पडते. पावसाच्या तोंडावर लहान सुपारीएवढीं फळें पिकतात. त्यांतील आंबट गर रानांतलीं मुलें चोखून खातात. बी मात्र कच्चें खाऊं नये, त्यांत विषारी अंश असतो.

या झाडाचा संसारांत उपयोगही पुष्कळ. त्याचें लाकूड अतिशय कठीण व जड. ऊंस पिळण्याच्या जुन्या चरकांचे लाट, तेलाच्या घाण्यांचे भाग, मुसळें आणि गाड्यांचे आंस यांसाठीं तें वापरीत. गुऱ्हाळांच्या या मुलखानें कोशिंब विसरावा, ही म्हणूनच थोडी विचित्र गोष्ट आहे. बियांचें तेल एकोणिसाव्या शतकांत ‘मकासर तेल’ या नांवानें विलायतेंत पुरुषांच्या केसांसाठीं प्रसिद्ध होतें. तेलानें माखलेल्या डोक्यांचे डाग खुर्च्यांवर पडूं नयेत म्हणून तेथील गृहिणी खुर्च्यांच्या पाठीवर विणलेलीं वस्त्रें टाकूं लागल्या. त्या वस्त्रांना इंग्रजींत आजही ‘मकासर-निवारक’ अशा अर्थाचें नांव आहे. झारखंड व छत्तीसगड या भागांत कोशिंबावर लाखेचे किडे पोसतात, आणि त्यापासून मिळणारी कुसुमी लाख सर्वांत उत्तम समजली जाते.

लाखेचा हा धंदा बागवानाला एक मोलाचा धडा देतो. लाखेचा किडा कोवळ्या डहाळीवरच बसतो. म्हणून लाख काढणारे लोक कोशिंबाच्या फांद्या ठराविक काळानें छाटतात व नवे धुमारे आणवितात. झाड ही छाटणी वर्षानुवर्षे सोसतें. जेथें नवा धुमारा तेथें तांबडी पालवी, हा तर नियमच आहे. तेव्हां मोकळें सोडल्यास साठसत्तर फुटांहून उंच जाणारा हा वृक्ष योग्य छाटणीनें लहान ठेवितां येतो, आणि छाटणी जितकी नीट तितका रंग दाट. जपानी माळी आपल्या मेपलवर कात्री चालवून जें साधतो, तेंच सह्याद्रीच्या वृक्षावर कोयत्यानें साधण्याची रीति या देशांत आधींपासूनच आहे.

कोशिंब लावण्याची पद्धति सोपी आहे. जून-जुलैंत झाडाखालीं पडलेलीं पिकलीं फळें वेंचावीं, गर धुऊन काढावा आणि बी लगेच पेरावें. जुनें झालेलें बी उगवण्याचा भरंवसा कमी. या झाडाचें सोटमूळ लौकर खोल जातें, म्हणून पसरट कुंडींत रोप करून मग तें उपटून लावूं नये. कायमच्या जागीं दोनतीन बिया टाकून त्यांतील जोमदार रोप ठेवावें, किंवा लांब पिशवींत रोप करून त्याच पावसाळ्यांत वा पुढच्या पावसाळ्याच्या आरंभीं, मुळाभोंवतालची माती न फोडतां, खड्ड्यांत बसवावें. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असावा. त्यांत खोदलेलीच माती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें कुजलेलें शेणखत आणि पालापाचोळा घालावा. जमीन चिकट काळी असल्यास तळाशीं विटांचे तुकडे व वर थोडी तांबडी माती मिसळावी, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. भिंतीपासून वीस फूट अंतर ठेवावें. एवढी जागा नसेल तर हें झाड घराजवळ लावण्याचा मोह टाळावा आणि तें संस्थेच्या आवारांत, शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर लावावें.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यांतून दोनदां भरपूर पाणी द्यावें व बुडाशीं पाल्याचें आच्छादन ठेवावें. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलें पाणी आपण शोधतें. वाढ मंद असते. पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें उंचीची घाई केली नाहीं म्हणून निराश होऊं नये. लहान रोपाचीही नवीं पानें तांबूस येतात, म्हणून रंगासाठीं फार वर्षें थांबावें लागत नाहीं. झाड पुरुषभर उंच झालें म्हणजे जानेवारीच्या अखेरीस शेंडा खुडावा आणि आंतल्या बाजूस वाढणाऱ्या फांद्या काढून टाकाव्यात. छाटणीनंतर भाराभर पाणी व खत घालण्याचें कारण नाहीं. हें झाड पालवी काढण्यासाठीं पावसाची वाट पाहत नाहीं. खोल मुळांच्या आधारावर तें भर कोरड्या दिवसांत पालवतें.

शहरांतील घरांचीं परसें मात्र लहान असतात. चार भिंतींच्या मधली, अर्धा दिवस सावलीची जागा असेल तर तेथें सीतेचा अशोक लावावा. मेपलप्रमाणेंच हें झाड मोठ्या वृक्षांच्या सावलींत वाढणारें, पंचवीस-तीस फुटांचें आहे. त्याची पालवी एक आश्चर्यच. नव्या पानांचे झुपके तांबूस-गुलाबी, मऊ व लुळे होऊन खालीं लोंबतात, जणु कोणीं रेशमी रुमाल वाळत घातले आहेत. आठदहा दिवसांत तीं पानें ताठ होऊन हिरवीं होतात. वसंतांत जुन्या फांद्यांवरच नारिंगी फुलांचे गुच्छ येतात, ते हळूहळू लाल होतात आणि त्यांना मंद सुगंध असतो. या झाडाला पाचोळ्याचें कुजलेलें खत, ओलसर माती आणि दुपारची सावली द्यावी. रोप विकत घेतांना मात्र सावध असावें. कुंपणाकाठीं सरळ खांबासारखें वाढणारें, लांब नागमोडी पानांचें जें झाड अशोक म्हणून विकलें जातें, तें खरा अशोक नव्हे. खऱ्या अशोकाचें पान संयुक्त असतें. एका दांड्यावर समोरासमोर पानांच्या कित्येक जोड्या असतात. औषधासाठीं साल काढण्याच्या हव्यासानें हा वृक्ष रानांतून झपाट्यानें कमी झाला आहे, आणि जगांतील धोक्यांत आलेल्या जातींच्या यादींत त्याची गणना होते. परसांत लावलेलें एक रोप म्हणजे त्या तुटींतील थोडी भरपाईच.

ऊन भरपूर आणि पाणीही जवळ असेल तर नागकेशर, ज्याला नागचाफाही म्हणतात, निवडावा. त्याचा आकार मूळचाच शंकूसारखा नेटका असतो, वाढ अतिशय सावकाश असते, आणि नवी पालवी लालभडक, झुलती येते. पांढऱ्या चार पाकळ्या व मध्यें पिवळ्या केसरांचा झुपका असें त्याचें फूल सुगंधासाठीं प्रसिद्ध आहे. श्रीलंकेनें या वृक्षाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे. ज्यांना केवळ गच्ची आहे त्यांनीं कोशिंबाचें किंवा पिंपळाचें रोप पसरट कुंडींत वामनवृक्ष म्हणून वाढवावें. अशा वेळीं सोटमूळ लहानपणींच छाटून बाजूचीं मुळें वाढवावीं लागतात, दर दोनतीन वर्षांनीं माती पालटावी लागते, आणि उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें लागतें. काम चिकाटीचें आहे. परंतु येथील झाड येथील हवेंत असल्यामुळें केलेल्या कष्टांचें चीज होतें.

शरदांतल्यासारखीं, गळण्यापूर्वीं लाल होणारीं पानेंच पाहावयाचीं असतील, तर त्याचीही थोडी सोय येथें आहे. महाराष्ट्राचें राज्यफूल ज्याचें तें तामण, आणि अनेकांच्या अंगणांतला देशी बदाम, हीं दोन झाडें हिंवाळ्यांत पानें टाकण्यापूर्वीं त्यांना तांबूस करतात. बदामाचें पान तर कधीं कधीं माणकासारखें लाल होऊन खालीं पडतें. असें एक झाड आणि वसंतांत पालवणारें दुसरें झाड जवळजवळ लावल्यास पौषापासून चैत्रापर्यंत बागेंत तांबडा रंग खेळता राहतो. आधीं निरोपाचा, मग स्वागताचा. जपानी बागेलाही असा दुहेरी योग दुर्मिळच.

एवढें सांगूनही ज्यांना मेपलच लावावयाचें असेल, त्यांनीं तें पाहुणा समजून लावावें. मातीची मोठी कुंडी, पूर्वेचें कोंवळें ऊन, दुपारीं पूर्ण सावली, पावसाचें सांठविलेलें पाणी आणि वाऱ्याला आडोसा, एवढी व्यवस्था ठेवावी. चित्रांतला शरद मात्र त्याच्याकडून मागूं नये. आणि तें गेलें तर त्याच्या जागीं दुसरें आणूं नये. तीच रक्कम व तीच चिकाटी कोशिंबाच्या किंवा अशोकाच्या एका रोपावर खर्च केली, तर तें रोप लावणाऱ्याच्या नातवंडांनाही सावली देईल.

जपानी मेपलचें सौंदर्य निर्विवाद आहे. पण त्या सौंदर्याचा अर्धा भाग झाडाचा आहे आणि अर्धा भाग पिढ्यान्‌पिढ्या तें पाहावयास मुद्दाम घराबाहेर पडणाऱ्या माणसांचा आहे. मेपलची पानें कोणत्या आठवड्यांत लाल होतील याची वार्ता जपानांत लोक उत्सुकतेनें ऐकतात. कोल्हापुराहून राधानगरी-दाजीपूरच्या, आंब्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेनें जाणाऱ्या माणसाला फाल्गुनांत घाटमाथ्याकडे लाल पालवी नक्की दिसेल. परंतु ती पाहण्यासाठींच म्हणून कोणी निघाल्याचें सहसा ऐकिवांत येत नाहीं. बागेंत एक झाड लावणें हें जितकें आवश्यक आहे, तितकेंच फाल्गुनांतील एक रविवार त्या पालवीसाठीं राखून ठेवणेंही आवश्यक आहे. झाड ओळखणारा माणूस तें सहसा तोडूं देत नाहीं, आणि ज्या रस्त्याच्या कडेचा कोशिंब कोणाच्या तरी ओळखीचा आहे, तो रस्ता रुंद करतांना निदान एकदां तरी त्याची विचारपूस होते.